सॅक्सोफोनचा पट्टा निवडताना या चुका टाळा

सॅक्सोफोनच्या प्रकारांपैकी अल्टोचे वजन साधारण अडीच किलो असते, टेनरचे साडेतीन किलोच्या आसपास जाते आणि बॅरिटोन तर पाच किलोंच्याही पुढे असतो. एवढा भार तोलण्यासाठी बहुतेक नवशिके वाद्याच्या पेटीत आलेला, गळ्यात अडकवायचा बारीक नायलॉनचा पट्टाच वर्षानुवर्षे वापरतात आणि मान दुखू लागली की बाजारातला सर्वांत जाड व मऊ पट्टा मागवून मोकळे होतात. मऊपणा म्हणजे आराम, हा समज मला शिकवताना सतत खोडून काढावा लागतो. पट्टा वाद्याला योग्य उंचीवर आणतो का आणि तासभर त्याच उंचीवर धरून ठेवतो का, हे आधी पाहावे. गादीचा विचार त्यानंतर करावा.

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त त्रास देणारी चूक म्हणजे पट्टा सैल ठेवून मान खाली वाकवणे. माझ्याकडे शिकणारा एक तरुण अल्टोवरून टेनरवर गेला, पण पट्टा जुनाच राहिला. त्याची उंची बदलणारी सरकपट्टी झिजलेली होती. एखादे गाणे अर्धे होईपर्यंत वाद्य बोटभर खाली येई आणि माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाच्या, मागोमाग त्याची मानही खाली जाई. मान वाकली की गळा दबतो, माउथपीस तोंडात चुकीच्या कोनातून शिरतो आणि तो सांभाळण्यासाठी जबडा रीडवर, म्हणजे माउथपीसला लावलेल्या कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवर, अधिक जोर देतो. त्यामुळे त्याचे वरचे स्वर चिमटल्यासारखे येऊ लागले. त्याने आधी अडीच नंबरची रीड सोडून त्याहून मऊ अशी दोनची घेतली, मग महागडा माउथपीस घेतला, मग वाद्यच दुरुस्तीला टाकले. तोवर उजव्या अंगठ्याचा सांधाही दुखू लागला होता, कारण पट्ट्याने सोडलेला भार अंगठा उचलत होता. मी त्याला माझा न सरकणारा पट्टा दिला, तेव्हा त्याच दिवशी वरचे स्वर मोकळे झाले. अंगठा बरा व्हायला मात्र बरेच आठवडे गेले. वाद्याला आणि रीडला दोष देण्याआधी पट्टा तपासण्याचा धीर नवशिक्यांनी ठेवला, तर पुष्कळ पैसे आणि त्याहून मोलाची महिने-महिन्यांची मेहनत वाचेल.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. पाठ भिंतीला लावून सरळ उभे राहायचे, नजर समोर ठेवायची आणि डोके जराही न हलवता माउथपीस आपोआप ओठांशी येईपर्यंत पट्टा वर ओढायचा. बसून वाजवताना उंची पुन्हा जुळवायची, कारण उभ्याची आणि बसल्याची उंची क्वचितच सारखी असते. ती जागा सापडली की दोरीवर पक्क्या शाईची खूण करायची. वाजवून झाल्यावर सरकपट्टी त्या खुणेवरून हललेली दिसली, तर तो पट्टा बाद समजायचा. तात्पुरती गाठ मारून काम भागवणे मला मुळीच मान्य नाही, कारण गाठीमुळे उंची एकदाच ठरते आणि बसल्यावर पुन्हा मान वाकवणे आलेच.

दुसरी चूक हुकाची. उघडा हूक पटकन अडकतो म्हणून पुष्कळांना आवडतो, परंतु खाली वाकताना किंवा खुर्चीवरून उठताना वाद्य किंचित उचलले गेले की वाद्याच्या पाठीवरची कडी त्यातून सहज निसटते. एका कार्यक्रमाच्या तालमीत असाच एक टेनर फरशीवर आपटलेला मी पाहिला आहे. बेलवरच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडावरच्या, किल्ल्यांची संरक्षक जाळी आत दबली, खालचे बी आणि बी फ्लॅट हे स्वर निघेनासे झाले आणि कार्यक्रम उसन्या वाद्यावर करावा लागला. म्हणून स्प्रिंगने बंद होणाराच हूक घ्यावा. तो धातूचा असावा आणि त्यावर प्लॅस्टिकचे आवरण असावे, म्हणजे वाद्याची कडी झिजत नाही. हूक लावल्यावर हात सोडण्यापूर्वी वाद्य एकदा हलकेच खाली ओढून पाहावे.

निओप्रीनचा, म्हणजे कृत्रिम रबराचा, ताणला जाणारा पट्टा गळ्यात घालताच हलका वाटतो, पण वजन तेवढेच राहते आणि चालताना वाद्य वरखाली हिंदकळते. मिरवणुकीत वाजवणाऱ्यांनी तो घेऊच नये.

खांद्यांवरून जाणारा हार्नेस लहान मुलांना आणि बॅरिटोन वाजवणाऱ्यांना मी आवर्जून सुचवतो. मात्र त्याचे पट्टे गळ्याच्या हाडांवर रुतत नाहीत ना, आणि वाद्य उजव्या बाजूला धरणाऱ्याला ते तसे धरता येते ना, हे पाहावे. खांद्यांवर टेकणारी आणि पोटाशी आधार घेणारी जॅझलॅब कंपनीच्या सॅक्सहोल्डरसारखी रचना मानेवरचा भार जवळजवळ पूर्णपणे काढते, परंतु पोटाचा आधार नीट बसला नाही तर श्वास घेताना तो टोचतो.

मुंबई, कोकण आणि गोव्यात चामड्याचा पट्टा घेणाऱ्यांनी घामाचा आणि पावसाळ्याचा विचार करावा. ओला पट्टा पेटीत कोंबला की त्याला बुरशी धरते, म्हणून तो पुसून बाहेर टांगावा आणि शक्यतो कॉलरवरून घालावा.

खरेदीला जाताना स्वतःचे वाद्य बरोबर न्यावे आणि निदान पंधरा मिनिटे उभ्याने वाजवून पाहावे. दुकानदाराला घाई असेल, तर दुसरे दुकान गाठावे.