एकच एमआरआय, दोन रिपोर्ट

मी मिरजेत रेडिऑलॉजिस्ट आहे. काही वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या गुदाशयाच्या कर्करोगाचा एमआरआय वाचून मी लिहिलं, 'गाठ मेसोरेक्टल फॅशियापासून लांब.' मेसोरेक्टल फॅशिया म्हणजे गुदाशय आणि त्याभोवतीची चरबी यांना वेढणारं पातळ आवरण. सांगलीतल्या माझ्या मैत्रिणीनं तोच एमआरआय वाचून लिहिलं, 'फॅशियाला टेकलेली.' सर्जननं दोन्ही कागद पुढ्यात ठेवले. "मॅडम, आधी रेडिएशन की थेट ऑपरेशन?" त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून आम्ही दोघी दर महिन्याला एकमेकींचं वाचन पडताळतो. कसं, ते सांगते.

आधी छेद, म्हणजे एमआरआयमध्ये दिसणारे शरीराचे पातळ काप, तपासा. आमचा वाद नजरेचा नव्हताच. तिनं सरळ आडव्या छेदावर मोजलं होतं, मी गाठीच्या अक्षाला काटकोनात घेतलेल्या तिरक्या छेदावर. गुदाशय वळणाचा; छेद काटकोनात नसला की भिंत पसरट दिसते आणि गाठ बाहेर आल्याचा भास होतो. छेदाची जाडी ३ मिमीपेक्षा जास्त नको. टेक्निशियनला शेजारी बसवून हा कोन एकदा नीट दाखवा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

मग वेगवेगळ्या बसून वाचा. नाव झाकलेलं, एकमेकींचा रिपोर्ट आणि पॅथॉलॉजी (ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाची तपासणी) दोन्ही न पाहता. 'जवळ', 'धोक्यात' असले शब्द आम्ही बंद केले. कमीत कमी अंतर मिमीमध्ये, छेदाचा क्रमांक आणि घड्याळातल्या काट्याप्रमाणे जागा, एवढं लिहायचंच. अंतर १ मिमी किंवा कमी असेल तर फॅशिया बाधित. पण अंतर कशापासून? मुख्य गाठीपासून, की गाठ शिरलेल्या रक्तवाहिनीपासून, की बाहेरच्या सुट्या गोळ्यापासून? हे आधी ठरवलं नाही, तर दोघी बरोबर असूनही आकडे वेगळे येतात.

गाठ किती खोल गेली त्याच्या पायऱ्या टी-१ ते टी-४. गाठ गुदाशयाच्या भिंतीतच आहे (टी-२) की भिंतीबाहेरच्या चरबीत गेली (टी-३), यावर सगळ्यांत जास्त मतभेद होतात. गाठीभोवतीच्या तंतूंमुळे चरबीत बारीक काळे काटे दिसतात. तेवढ्यावर टी-३ म्हणू नका. रुंद बुडाचा, गाठीसारख्याच करड्या रंगाचा फुगवटा भिंतीबाहेर आला असेल, तरच म्हणा. फॅशिया लांब असेल तर या वादात मी फार वेळ घालवत नाही. लसिका ग्रंथींचे निकष मात्र खोलीत डोळ्यांसमोर चिकटवून ठेवा: आखूड व्यास ९ मिमी किंवा जास्त असेल तर संशयित, ५ ते ९ असेल तर गोल आकार, खडबडीत कड, असमान रंग यांपैकी दोन लक्षणं हवीत, ५ पेक्षा कमी असेल तर तिन्ही.

आता हिशोब. समजा ३० रुग्ण वाचले. फॅशिया बाधित नाही असं दोघींनी १८ वेळा म्हटलं, बाधित असं दोघींनी ६ वेळा, आणि उरलेल्या ६ मध्ये प्रत्येकीनं तीनदा एकटीनं 'बाधित' म्हटलं. जुळणी ८० टक्के. पण प्रत्येकीचे 'बाधित' ९ आणि 'नाही' २१, म्हणजे नुसत्या योगायोगानंही ५८ टक्के जुळलं असतं. ८० मधून ५८ वजा करा, उरलेल्या २२ ला ४२ नं भागा. कप्पा, म्हणजे योगायोग वगळून उरलेल्या जुळणीचा आकडा, येतो ०.५२. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या मोजपट्टीवर ही जुळणी मध्यमच. टी-१ ते टी-४ अशा चढत्या पायऱ्यांसाठी भारित कप्पा (मोठ्या फरकाला जास्त वजन देणारा) वापरा, कारण एका पायरीची चूक आणि तीन पायऱ्यांची चूक सारखी नसते.

न जुळलेले रुग्ण मग एकत्र पाहा. वयानं किंवा पदानं मोठी म्हणून कुणाचंही मत चालवू नका. थेट ऑपरेशन झालेल्यांची पॅथॉलॉजी समोर ठेवा. रेडिएशन-केमो झालेल्यांची ठेवू नका, उपचारांनी गाठ बदललेली असते. चालू रुग्णात एकीचा आकडा १ मिमीच्या आत आणि दुसरीचा बाहेर आला, तर आम्ही दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये लिहितो आणि सर्जनला फोन करतो.

बागायतदाराच्या तिरक्या छेदावर पुन्हा मोजल्यावर दोघींनाही २ मिमीच्या वर अंतर मिळालं. नाव काढून तो एमआरआय आमच्या संचात पहिला ठेवलाय. नवीन निवासी डॉक्टर आली की तिला आधी तोच देते, सरळ आणि तिरका दोन्ही छेद, आणि दोन्हींवर मोजायला सांगते.