वाय-फाय कॉलिंग आणि व्होल्टी: नुसतं बटण चालू करून भागत नाही

घरात रेंजची जेमतेम एक काडी दिसते, पण वाय-फाय व्यवस्थित चालतंय. अशा वेळी फोनच्या नेहमीच्या डायलरवरून, आपल्याच नंबरवरून, वाय-फायमार्गे कॉल लावता येतो. समोरच्याकडे कुठलंही अ‍ॅप लागत नाही आणि त्याला आपला नंबर नेहमीसारखाच दिसतो. हे झालं वाय-फाय कॉलिंग. आवाज ४जीवरून डेटाच्या रूपात गेला तर ती व्होल्टी, ५जीवरून गेला तर व्होएनआर. तिन्हींच्या मागे मोबाइल कंपनीकडची आयएमएस ही एकच यंत्रणा असते. फोनची तिथे नोंदणी झाली तरच कॉल या नव्या वाटेने जातो. सेटिंगमधलं बटण फोनला परवानगी देतं, एवढंच. नोंदणी झाली की नाही, हे वेगळं तपासावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं.

व्होल्टी चालू असणं आता गरजेचंच आहे. ४जीची रचनाच डेटासाठी आहे. त्यात जुन्या पद्धतीच्या कॉलची सोय नाही. व्होल्टी नसेल तर कॉलसाठी फोन ३जी किंवा २जीवर उतरतो, कॉल जोडायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ इंटरनेट मंदावतं किंवा थांबतं. जिथे जुनी नेटवर्कं बंद झाली तिथे उतरायला जागाच उरत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ अखेरपर्यंत ते बंद झालं. ४जी इंटरनेट चालत असलं, तरी व्होल्टी नसलेल्या फोनवर तिथे कॉल लागत नाही.

चालू कसं करायचं

१. आधी फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा. कोणत्या कंपनीच्या आयएमएसशी कसं बोलायचं, याची माहिती सॉफ्टवेअरमध्येच असते. म्हणून दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनमध्ये सुविधा असूनही बटणच दिसत नाही, असं होतं. सिम ३जीच्या काळातलं असेल तर बदलून घ्या.

२. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'सिम्स' उघडून आपलं सिम निवडा. व्होल्टी किंवा '४जी कॉलिंग' आणि 'वाय-फाय कॉलिंग' दोन्ही चालू करा. सॅमसंगवर हे 'कनेक्शन्स'मध्ये सापडतं. नावं फोनगणिक बदलतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'वाय-फाय कॉलिंग' टाकलं की काम लवकर होतं.

३. आयफोनवर सेटिंग्जमधल्या मोबाइल डेटाच्या पानावर 'वाय-फाय कॉलिंग' असतं. काही देशांत ते चालू करताना आपत्कालीन सेवेसाठी पत्ता विचारतात. तो खरा आणि सध्याचाच भरा.

४. दोन सिम असतील तर प्रत्येकासाठी हे वेगळं करावं लागतं. नेटवर्कचा प्रकार चुकून 'फक्त ३जी'वर राहिला असेल तर व्होल्टी चालणारच नाही, तेही पाहून घ्या.

खरंच चाललं का?

वाय-फाय कॉलिंगची परीक्षा सोपी आहे. एअरप्लेन मोड लावा, मग फक्त वाय-फाय चालू करा आणि मिनिटभर थांबा. वरच्या पट्टीत व्हो-वायफायची खूण किंवा कंपनीच्या नावाशेजारी 'वाय-फाय' दिसलं पाहिजे. आता कॉल लावा. लागला तर तो वाय-फायवरूनच गेला, कारण दुसरी वाटच उघडी नाही. दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करून येणारा कॉलही तपासा. जाणारा लागतो आणि येणारा वाजत नाही, ही तक्रार नेहमीची आहे.

व्होल्टीसाठी उलट करा. एअरप्लेन मोड काढा, वाय-फाय बंद करा, कॉल लावा आणि नेटवर्कच्या खुणेवर नजर ठेवा. ४जीच्या जागी एच, ३जी किंवा ई (३जी-२जीच्या खुणा) आलं तर व्होल्टी चालत नाही. ५जीवरून ४जीवर आलं तर तो बिघाड नाही. जिथे व्होएनआर नाही तिथे फोन मुद्दाम तसं करतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकलं की तपासणीचं पान उघडतं. त्यात आयएमएसच्या ओळीत 'रजिस्टर्ड' असायला हवं.

वाय-फाय कॉल अडतो तेव्हा

हा कॉल फोन आणि मोबाइल कंपनी यांच्यातल्या कूटबद्ध बोगद्यातून जातो. त्याला यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे ये-जा करायची दारं, लागतात. कार्यालयांतल्या फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा गाळणाऱ्या यंत्रणा, ते अनेकदा अडवतात. ब्राउझिंग झकास चालतं, कॉल मात्र नाही, त्याचं हे मोठं कारण. निदान झटपट करायचं तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन पाहा. तिथे नोंदणी झाली तर दोष पहिल्या वाय-फायचा, फोनचा नाही. मग राउटरमध्ये 'आयपीसेक पासथ्रू', म्हणजे अशा बोगद्याला वाट देणारी सोय, चालू करा. हॉटेल-विमानतळावरच्या वाय-फायवर आधी लॉगिनचं पान पूर्ण करावं लागतं, नाहीतर बोगदा उघडतच नाही. येणारे कॉल चुकत असतील तर राउटरचा यूडीपी टाइमआउट पाहा: शांत पडलेलं कनेक्शन राउटर फार लवकर विसरला तर कंपनीचा निरोप फोनपर्यंत पोचत नाही. काही सेकंदांवर असेल तर तो दोन-तीन मिनिटांवर न्या.

आवाज तुटत असेल तर लगेच महागडं कनेक्शन घेऊ नका. कॉलला प्रत्येक दिशेने साधारण १०० केबीपीएस पुरतात. नडतो तो उशीर. बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. त्याच वेळी कुणी मोठे व्हिडिओ अपलोड करत असेल तर आवाजाची पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत अडकतात, आपलं बोलणं समोर तुटक जातं आणि आपल्याला मात्र समोरचा स्वच्छ ऐकू येतो. राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) लावून अपलोडवर मर्यादा घाला, वाय-फायवर आवाजाला प्राधान्य देणारं डब्ल्यूएमएम चालू ठेवा. वाय-फायचा सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याकडे जितका जवळ तितका चांगला) आसपास किंवा त्याहून चांगला असावा. शक्य तिथे वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरा, मात्र भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो.

बोलत बोलत घराबाहेर पडलात तर कॉल वाय-फायवरून ४जीवर सरकतो, पण व्होल्टी चालू असेल तरच. नाहीतर दाराबाहेर गेल्यावर तो तुटतो.

आपत्कालीन कॉलसाठी वाय-फायवर विसंबू नका. वीज गेली की राउटर बंद, आणि वाय-फायवरून ठिकाण नीट कळेलच असं नाही. मोबाइलची रेंज मिळत असेल तर तीच वापरा. तपासणीसाठी आपत्कालीन नंबर कधीही लावू नका.

एवढं करूनही नोंदणी होत नसेल तर ग्राहकसेवेला 'कॉल लागत नाही' एवढंच सांगू नका. फोनचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि हॉटस्पॉटवर काय झालं ते सांगा, आणि आपल्या नंबरावर व्होल्टी व वाय-फाय कॉलिंग सुरू आहे का ते त्यांच्या बाजूने तपासायला सांगा. त्यांनी बदल केला की फोन बंद करून पुन्हा चालू करा. म्हणजे नवी नोंदणी होते.