पहिली कथा दिवाळी अंकाला पाठवताना
१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकापासून सुरू झालेले दिवाळी अंक आजही नव्या कथाकारासाठी मोठं दार आहेत. पण कथा गणपतीनंतर पाठवू नका. तोवर बहुतेक अंकांची जुळणी होत आलेली असते. मे-जूनमध्येच पाठवा. त्याआधी त्या अंकाची मागची दोन-तीन वर्षं वाचनालयात बसून खरंच वाचा. कोणती कथा तिथे रुजते, किती लांबीची चालते, हे त्यातूनच कळतं. कथा युनिकोडमध्ये टाइप करा, पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या लिहा. सोबतच्या पत्रात कथेचा अर्थ समजावू नका, तो संपादकांना कथेतच सापडू द्या. आणि नकार कळेपर्यंत तीच कथा दुसरीकडे देऊ नका.