मॉनिटर घ्यायचाय? आधी ऊन बघा

कॅमेऱ्याला बाहेरचा मॉनिटर लावायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, पाच इंची की सात इंची? नागपुरात आधी निट्स, म्हणजे स्क्रीन किती उजळ आहे तो आकडा, विचारा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ४०० निट्सची स्क्रीनही झकास दिसते, म्हणून तो मॉनिटर स्वतःच्या कॅमेऱ्याला लावून दुपारी बारा-एकला दुकानाबाहेर उन्हात आणून पाहा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. फुटाळा तलावावर दिवसा प्री-वेडिंग करायचं तर १००० निट्स आणि वर हूड (ऊन अडवणारं आवरण), याच्या खाली उतरू नका. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत हूड टिकत नाही. तिथे २०००च्या आसपासचाच हवा. गॉगल लावूनही बघा. पोलराइज्ड काचेतून काही स्क्रीन एका कोनात साफ काळ्या पडतात.

जास्त उजेड म्हणजे जास्त उष्णता. बऱ्याच मॉनिटरांना ४० अंशांपर्यंतच चालवायची मर्यादा लिहिलेली असते आणि नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ ओलांडतो. माहितीपत्रकातला तो आकडा वाचून घ्या, शूटला छत्री धरणारा माणूस ठरवा, मॉनिटर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. आत पंखा असेल तर त्याचा आवाज माइकमध्ये येतो का, तेही ऐका.

मग केबल. सोनी ए७ III ला मायक्रो एचडीएमआय लागते, कॅनन ५डी मार्क IV ला मिनी, ए७एस III ला पूर्ण आकाराची. मायक्रोचं पोर्ट नाजूक असतं. वरातीत कुणाचा तरी हात केबलला लागणारच, तेव्हा केज (कॅमेऱ्याभोवती बसणारी चौकट) आणि केबल पकडून ठेवणारा क्लॅम्प मॉनिटरसोबतच घ्या. बॅगेत दुसरी केबल हवीच. कॅमेरा ४के ६० फ्रेम्सने सिग्नल बाहेर पाठवत असेल, तर मॉनिटर तो घेतो का हेही विचारा.

आता इंच. गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) पाच, ट्रायपॉडवर सात, एवढंच. वजन धरताना बॅटरीसकट धरा. एनपी-एफ९७० ही मोठी बॅटरी लावली की पाच इंची मॉनिटरही गिंबलचा तोल बिघडवतो, तिथे छोटी एफ५५० बरी. रेकॉर्डिंग करणारा मॉनिटर महाग पडतो आणि त्याला एसएसडीचा खर्च वेगळा. लग्नाच्या कामाला मला तरी त्याची गरज वाटत नाही.

फॉल्स कलर (उजेडाची पातळी रंगांत दाखवणारी सोय) आणि वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) मात्र असायलाच हवेत. २००० निट्सच्या स्क्रीनवर सगळंच लख्ख दिसतं, म्हणून आपण एक्सपोजर खाली ओढतो आणि घरी फुटेज काळवंडलेलं निघतं. नवरदेवाचा पांढरा कुर्ता, शालूची जर हे वेव्हफॉर्मवर तपासा, डोळ्यांवर भिस्त नको. एस-लॉगमध्ये (सोनीच्या फिकट चित्र देणाऱ्या प्रोफाइलमध्ये) शूट करत असाल तर आपला लट (त्या चित्राला रंग देणारी फाइल) मॉनिटरमध्ये आदल्या रात्रीच टाका, आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूत एचडीएमआयवरची माहिती बंद करा, नाहीतर आयएसओचे आकडे चित्रावरच बसतात.