सुई पायात, स्कॅन मेंदूचा: ॲक्युपंक्चरचा एफएमआरआय कसा आखावा

एफएमआरआय म्हणजे काम करणाऱ्या मेंदूचा चुंबकी स्कॅन. त्यात दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल. घाबरून श्वास वाढला तरी चित्र बदलतं, म्हणून तुलना नीट बांधली नाही तर स्कॅनचा खर्च फुकट.

सुई टोचायचा बिंदू पायाचा निवडा: ॲक्युपंक्चरमधला झूसानली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. सुई डोक्याभोवतीच्या कॉइलपासून (सिग्नल टिपणाऱ्या साच्यापासून) दूर राहते आणि टोचणाऱ्याचा हात पोचतो. सुई स्कॅनच्या खोलीबाहेरच चुंबकाने तपासा. चिकटली तर बाद. रत्नागिरी-मालवणच्या बंदरांवर बोटींचं वेल्डिंग, ग्राइंडिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण असू शकतो. आधी विचारा, शंका असल्यास डोळ्यांचा एक्स-रे काढा. मंगळसूत्र आठवणीने काढतात. जोडवी राहून जातात.

तुलनेसाठीचा नकली उपचार म्हणून मधुमेहींचे पाय तपासायचा १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू त्याच जागी टेकवा. तो टोचत नाही, पण त्याचा स्पर्श जाणवतो आणि लक्षही वेधतो. पाय माणसाला दिसू देऊ नका. तंतूऐवजी बोथट, टोचण्याऐवजी स्वतःच्या मुठीत सरकणारी नकली सुई वापरायची तर ती चिकटपट्टीवर उभी राहते. आपल्या दमट हवेत घामाने पट्टी निसटते. नडगी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या.

सुई मिनिटभर बोटांनी फिरवा, मिनिटभर थांबा अशी आवर्तनं इथे फसतात. सुईचा परिणाम फिरवणं थांबल्यावरही रेंगाळतो, मग ‘थांबा’चा काळ विश्रांतीचा राहतच नाही. आधी ६ मिनिटं विश्रांतीचा स्कॅन घ्या. सुई घालून १ मिनिट थांबा, १ मिनिट फिरवा, पुढची ६ मिनिटं हात लावू नका. सुई आणि तंतू वेगवेगळ्या दिवशी, क्रम चिठ्ठी टाकून.

स्कॅन संपताच विचारा: जडपणा, मुंग्या, भरून आल्यासारखं, झोंबलं? प्रत्येकाला ० ते १० गुण. स्कॅन चालू असताना बोलायला लावू नका, डोकं हलतं. हे गुण सर्वांत मोलाचे. जडपणा आला तर मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागांतला सिग्नल उतरल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. तीव्र कळ आली तर उलट तो चढलाय. दोन्ही एकत्र मिसळले तर सरासरीत काहीच उरत नाही. झोंबलेले स्कॅन वेगळे ठेवा, ३ मिलिमीटरहून जास्त हललेले वगळा.

मेंदूचे कोणते भाग तपासायचे ते स्कॅनआधी लिहून ठेवा, स्कॅनमधल्या हजारो ठिपक्यांच्या चाचण्यांत काही निव्वळ योगायोगाने खऱ्या वाटतात, त्यासाठीची आकडेवारीतली दुरुस्तीही ठरवा. पायाच्या बिंदूने दृष्टीचा भाग जागा होतो असं सांगणारा १९९८चा गाजलेला शोधनिबंध त्याच्याच बहुतेक लेखकांनी २००६ साली मागे घेतला. म्हणून परिणाम त्याच बिंदूचा आहे का हे कळायला, शेजारच्या बिंदूवर खरी सुई घालून तिसरी तुलनाही ठेवा.