व्हीलचेअरवरच्या माणसासाठी रिक्षा आधीच ठरवा

कोकणात वाडीतून बाहेर पडायचं तर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरावी लागते, आणि एसटी काही दारात येत नाही. म्हणून नाक्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलून ठेवा. फक्त दवाखाना-बँकेपुरतं नको. भजन, जत्रा, लग्नकार्यंही त्यात धरा. घरात कोंडून राहिलं की माणूस खचतो.

रिक्षा ओट्याला किंवा उंचवट्याला लागून उभी करायला सांगा. खुर्ची ओट्यावर, रिक्षा खाली रस्त्यावर, अशी दोन्ही बैठकांची उंची जुळली की माणसाला उचलावं लागत नाही, तो सरकून बसतो. त्याआधी खुर्चीचे ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. गणपतीत रिक्षा मिळणं कठीण, दिवस आधीच सांगून ठेवा.

पुढे एसटीने जायचं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जवळ ठेवा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर साध्या गाडीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.