मेडिकल इमेजिंगमध्ये संशोधन करायचंय? फेलोशिपच्या अर्जात या चुका टाळा

एमआरआय, सीटी किंवा सोनोग्राफीवर पीएचडी करायची, त्यासाठी फेलोशिप शोधायची आणि आपल्या समाजघटकासाठी किंवा महिलांसाठी वेगळी योजना असेल तर ती आधी बघायची, इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर असतं. पुढे मात्र विषय चांगला असूनही अर्ज छाननीतच बाद होतो, आणि कारणं बहुतेक तीच ती असतात.

परदेशी जाहिरातीत ‘डायव्हर्सिटी’ (मागे राहिलेल्या गटांना संधी) दिसली की अर्ज करणं

अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन यंत्रणेची एनआयबीआयबी ही संस्था इमेजिंगमधल्या प्रशिक्षणाला पैसे देते. पण तिथली टी-३२ (संस्थेमार्फत मिळणारं) आणि एफ-३१ (विद्यार्थ्याला थेट मिळणारं) ही प्रशिक्षण अनुदानं अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहेत, विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांसाठी नाहीत. शिवाय तिथल्या डायव्हर्सिटीचा हिशोब त्यांच्या समाजातल्या गटांचा. आपला जातीचा दाखला तिथे कामाचा नाही. २०२५ मध्ये एनआयएचने यातल्या बऱ्याच जाहिराती मागे घेतल्या, तरी जुन्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच असतात.

मेरी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या पीएचडी योजनेला राष्ट्रीयत्वाची अट नाही. तिथे वेगळीच अट आडवी येते: भरतीआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य किंवा काम झालेलं नसावं. जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स केलं आणि लगेच जर्मनीतल्याच जागेसाठी अर्ज भरला, तर तो वाया गेला. शेजारच्या देशातली जागा बघा.

दाखला खरा, पण दार चुकीचं

राज्याच्या योजनांत अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी गटांसाठी सारथी आणि अनुसूचित जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, या तिन्ही पुण्यातच आहेत. ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती आहे, ती नागपूरला. कुणबी दाखला असलेल्यांना दोन ठिकाणच्या जाहिराती लागू होतील असं वाटतं. दोन्हीकडच्या अटी वाचा आणि लाभ एकाच ठिकाणी घ्या.

खरा घोळ केंद्राच्या योजनांत होतो. राज्याचा ओबीसी दाखला तिथे तसाच जोडून चालत नाही. जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. व्हीजेएनटी (विमुक्त-भटके) असा प्रवर्गच केंद्रात नाही. त्यातल्या ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांनी ओबीसी म्हणून अर्ज करायचा. मराठा समाजासाठीचा एसईबीसी प्रवर्गही राज्यापुरताच, केंद्रात ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटक) अटींत बसत असाल तर तो दाखला वेगळा काढा. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. जाहिरात एप्रिलनंतर आली आणि हाती जुनाच दाखला असेल, तर तहसील आणि प्रांत कार्यालयाच्या फेऱ्यांत अर्जाची तारीख निघून जाते. मार्चअखेरीलाच नव्या दाखल्याची तयारी ठेवा.

योजनांची नावंही तपासा. संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या एसईआरबीची जागा आता एएनआरएफने घेतली आहे. महिला संशोधकांसाठीच्या जुन्या डब्ल्यूओएस-ए योजनेऐवजी वाइज-पीएचडी आणि वाइज-पीडीएफ आहेत. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. अजूनही ती यादीत लिहिणारी संकेतस्थळं आहेत.

‘हॉस्पिटलकडून डेटा मिळेल’ एवढंच लिहिणं

इमेजिंगचा प्रस्ताव इथेच सर्वांत जास्त लंगडतो. रेडिओलॉजी विभागप्रमुखांची तोंडी संमती पुरत नाही. संस्थाप्रमुखांचं पत्र आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. जुने स्कॅन वापरायचे असतील तर रुग्णांच्या संमतीतून सूट हवी, असा स्वतंत्र अर्ज करावा लागतो, कारणासह. परदेशी संस्था सहभागी असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही घ्यावी लागते. वेळापत्रकात यासाठी जागाच सोडलेली नसते.

मंजुरी मिळाल्यावर फाइल्स जेपेगमध्ये काढून आणणं ही दुसरी चूक. जेपेगमध्ये सीटीचे हाउन्सफील्ड आकडे (ऊतींची घनता दाखवणारे) आणि पिक्सेलचं खरं अंतर दोन्ही जातं, उरतं फक्त चित्र. डायकॉम, म्हणजे स्कॅनरची मूळ फाइल, हीच मागा. नाव, आयडी आणि जन्मतारीख हेडरमधून (फाइलसोबतच्या माहितीच्या भागातून) काढली की ओळख पुसली, असं समजू नका. सोनोग्राफीच्या चित्रावर कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, हेडरमधल्या मशीन कंपनीच्या खासगी रकान्यांत (टॅग) माहिती उरते, आणि मेंदूच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो. चेहऱ्याचा भाग वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. तारखा सरसकट पुसल्या तर दोन तपासण्यांमधलं अंतर हरवतं. त्याऐवजी एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा. डायकॉममधले यूआयडी (तपासणी आणि मालिका ओळखणारे क्रमांक) बदलताना मालिकेच्या क्रमांकाच्या जागी प्रत्येक फाइलला वेगळाच आकडा पडला, तर एकाच मालिकेतल्या स्लाइस (स्कॅनचे एकेक काप) सुट्या होतात.

एआय मॉडेल शिकवताना डेटा स्लाइसप्रमाणे नाही, रुग्णाप्रमाणे विभागा. एकाच रुग्णाच्या स्लाइस ट्रेनिंग (शिकवण्याचा) आणि टेस्ट (तपासण्याचा) या दोन्ही डेटांत गेल्या तर अचूकता फुगते. जाणकार परीक्षक पहिल्यांदा हेच बघतो.

मशीनच्या परवानगीतला गोंधळ

सीटीच्या किंवा एक्स-रेच्या मशीनला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी लागते. एमआरआयमध्ये आयनकारी किरणच नाहीत, तिथे एईआरबीचा उल्लेख केला की लिहिणाऱ्याचं पाणी कळतं.

सोनोग्राफीचं प्रकरण जास्त नाजूक. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या जागेला असं मशीन विकताच येत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबने ‘फक्त फँटमवर (चाचणीसाठीचा कृत्रिम नमुना) वापरू’ असं म्हणून काही होत नाही, आणि हॉस्पिटलचं मशीन चार दिवस लॅबमध्ये आणून ठेवणं तर फौजदारी प्रकरण होऊ शकतं. मशीन हॉस्पिटलच्या नोंदणीकृत खोलीतच राहू द्या. तिथेच नोंदी घ्या आणि लॅबमध्ये फक्त डेटा न्या. प्रस्तावातही तसंच लिहा.

पैशाचा हिशोब

१ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) रक्कम दरमहा ३७,००० आणि एसआरएफची (वरिष्ठ) ४२,००० रुपये आहे, तरीही अंदाजपत्रकात जुने ३१,००० दिसतात. पुण्यात काम करणार असाल, तर पुणे घरभाडे भत्त्यासाठी (एचआरए) एक्स वर्गात आहे, त्यामुळे तो त्या दराने धरा. स्कॅनरच्या तासांचं भाडं कंटिन्जन्सीत (किरकोळ खर्चाच्या रकमेत) बसत नाही. ते स्वतंत्र ओळीत, हॉस्पिटलच्या दरपत्रकासह दाखवा. आणि पहिल्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) सरकारी वित्त नियमांच्या जीएफआर १२-ए नमुन्यात वेळेवर गेलं नाही, तर पुढचा हप्ता अडकतो. ते कॉलेजच्या अकाउंट्स विभागातून येतं, म्हणून एप्रिलपासूनच त्यांच्या मागे लागा.